मक्याचं गिऱ्हाईक पेरणीआधी ठरवा

खरिपात मालेगावहून निघून येवला, वैजापूर, कन्नड करत सिल्लोड-भोकरदनपर्यंत गेलं तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मकाच दिसतो. खानदेशात खरिपावर कापसाचा ताबा असतो, पण पऱ्हाट्या उपटल्या की रब्बीत तिथेही मका उभा राहतो. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जालना, जळगाव, धुळे, बुलढाणा हा महाराष्ट्राचा मका पट्टा. गंमत अशी की या पट्ट्यातल्या घरांत भाकरी बाजरीची किंवा ज्वारीची होते. पावसाळ्यात भाजलेलं कणीस आणि कधीतरी मक्याचा चिवडा सोडला तर मका ताटात फारसा येत नाही. तो जातो कोंबडीच्या खाद्यात, गाईच्या गव्हाणीत, स्टार्चच्या कारखान्यात आणि अलीकडे इथेनॉलच्या टाकीत.

म्हणून मक्याचा विचार गव्हा-बाजरीसारखा करून चालत नाही. हा कच्चा माल आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो वेगळ्या अवस्थेत हवा असतो. मुरघासवाल्याला (मुरघास म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) झाड हिरवं आणि दाणा अर्धा कच्चा लागतो. कोंबडीवाल्याला दाणा कोरडा आणि बुरशीविना लागतो. स्वीटकॉर्नचा व्यापारी दुधाळ कणीस घेतो. वाण, दोन रोपांतलं अंतर आणि काढणीचा दिवस या तिन्ही गोष्टी गिऱ्हाइकावर ठरतात. पीक उभं राहिल्यावर विचार बदलला तर बहुतेक वेळा नुकसान शेतकऱ्याचंच होतं.

झाड कसं चालतं

मका ऊन आणि कर्बवायू वापरण्यात ऊस-ज्वारीच्या गटातला आहे. कडक उन्हातही त्याचं अन्न तयार करणं मंदावत नाही. म्हणूनच १०० ते ११० दिवसांत तो एवढं वजन तयार करतो. पण त्याच्या दोन कमजोऱ्या आहेत आणि जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

पहिली म्हणजे मक्याला फुटवे जवळपास येत नाहीत. बाजरीचं एखादं रोप मेलं तर शेजारचं फुटवे काढून जागा भरून काढतं. मक्यात ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. ६० बाय २० सेंटिमीटरवर एकरी साधारण ३३ हजार रोपं बसतात आणि ७५ बाय २० वर साधारण साडेसव्वीस हजार. यातली २० टक्के रोपं उगवली नाहीत तर खत आणि पाणी पूर्ण देऊनही उत्पन्न पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटतं. आठ-दहा दिवसांनी नांग्या भरून, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोचून, ते सुधारत नाही. मागून उगवलेलं रोप मोठ्या रोपांच्या सावलीत सापडतं, कणीस धरत नाही आणि खत मात्र खातं. नांग्या भरायच्याच असतील तर उगवण दिसल्या दिसल्या, चार दिवसांच्या आत.

दुसरी कमजोरी फुलोऱ्यात. तुरा वर असतो आणि कणीस मधल्या पानाच्या बगलेत. तुऱ्यातले परागकण वाऱ्याने खाली येऊन कणसाच्या केसांवर पडतात. प्रत्येक केस एका दाण्याचा. जितके केस फळतात तितकेच दाणे. चांगल्या कणसात १४ ते १६ ओळी आणि ओळीत ३० ते ३५ दाणे असतात. ओळींची संख्या नेहमी सम असते, कारण कणसावर फुलं जोडीनेच येतात. तुरा साधारण आठवडाभर पराग सोडतो. या दिवसांत पाणी तुटलं तर तुरा वेळेवर येतो पण केस उशिरा बाहेर पडतात आणि दोघांची गाठ चुकते. टक्कल पडलेली, मधेमधे दातपडकी कणसं बहुतेक वेळा याच आठवड्यातली असतात. मग दोष बियाण्याला दिला जातो. फेब्रुवारीअखेर दाण्यासाठी पेरलेला मका एप्रिलच्या चाळीस अंशांत फुलोऱ्यात येतो आणि पराग उन्हानेच मरतो. उन्हाळ्यात चाऱ्यासाठी मका करावा, दाण्यासाठी करू नये.

बियाणं, अंतर आणि पहिली खताची मात्रा

संकरित वाणाचं एकरी ७ ते ८ किलो बी पुरतं. लवकर येणाऱ्या वाणाला ६० बाय २०, उशिरा येणाऱ्या उंच वाणाला ७५ बाय २०. बी चार-पाच सेंटिमीटर खोल पडावं, एका जागी एकच रोप राहावं आणि जास्तीचं रोप दहा-बारा दिवसांत काढावं. संकरित मक्यातलंच दाणं पुढच्या वर्षी बी म्हणून वापरण्याचा मोह टाळा. दुसऱ्या पिढीत झाडं उंचीला आणि वयाला वेगवेगळी निघतात, तुरे एकदम येत नाहीत आणि परागीभवनच विस्कटतं. कसबा बावड्याच्या, म्हणजे कोल्हापूरच्या मका संशोधन केंद्रातून आलेले राजर्षी आणि फुले महर्षी हे संकरित वाण आपल्याकडचे आहेत. चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉल वेगळा, त्याचं बी एकरी ३० किलो आणि ओळी ३० सेंटिमीटरवर.

वरंब्याच्या बगलेवर किंवा गादीवाफ्यावर केलेली पेरणी काळ्या जमिनीत फार उपयोगी पडते. पहिल्या महिन्यात मुळाशी दीड-दोन दिवस पाणी साचलं तर मका पिवळा पडून खुजा राहतो, नंतर कितीही युरिया टाका. जूनच्या शेवटी लागोपाठ पाऊस झालेल्या सखल शेतात हे दरवर्षी दिसतं.

खताची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश अशी आहे. एकराच्या भाषेत सांगायचं तर डीएपीची एक गोणी, म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो आणि युरिया सगळा मिळून ८५ किलो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांपेक्षा थोडा कमी. पेरताना डीएपी, पोटॅश आणि १५ किलो युरिया. एक महिन्याने ३५ किलो युरिया, आणि ४० ते ४५ दिवसांनी, तुरा पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) असताना, उरलेला ३५ किलो. सगळा युरिया पहिल्या खुरपणीला देऊन मोकळं होण्याची पद्धत सर्रास आहे. पावसात तो वाहून जातो आणि मक्याला खरी भूक लागते तेव्हा जमिनीत काही उरलेलं नसतं. खालच्या पानांच्या टोकापासून मधल्या शिरेवरून उलट्या पाचरीसारखी पिवळी पट्टी आत सरकताना दिसली तर ती नत्राची भूक. पानाची कड करपत गेली तर पालाशची. लहान रोपाची पानं जांभळी पडली तर स्फुरदाची किंवा थंड-ओल्या जमिनीची. नव्या पानावर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे आले तर जस्त कमी आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनींत जस्ताची कमतरता नेहमीची, म्हणून पेरणीआधी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावं. डीएपीबरोबर ते मिसळू नका. स्फुरद जस्ताला धरून ठेवतं आणि दोन्हींचे पैसे मातीत अडकतात.

तणांसाठी पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत, ओल असताना, ॲट्राझीन ५० टक्के पावडर एकरी एक किलोपर्यंत २०० लिटर पाण्यातून. ते हुकलं तर तण दोन ते चार पानांवर असताना टेंबोट्रिओन एकरी ११५ मिली, त्याच्याबरोबर दिलेल्या चिकटद्रव्यासह. तूर, उडीद, मूग असं आंतरपीक असेल तर ही दोन्ही औषधं चालत नाहीत. आणि मक्यामागे कांदा घ्यायचा असेल तर ॲट्राझीनचा डोस अंदाजाने वाढवू नका. कमी पावसाच्या वर्षी त्याचा अंश जमिनीत राहतो आणि कांद्याची रोपं शेंड्याकडून वाळतात.

पाणी मोजकंच असेल तर ते २० ते ४०, ४० ते ६० आणि ७० ते ८० दिवस या तीन टप्प्यांत वाटा. एकच पाळी हातात असेल तर ती फुलोऱ्यासाठी राखून ठेवा.

लष्करी अळी

अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात सापडली आणि त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात आली. तेव्हापासून मक्याचा खर्चच बदलला. ओळख सोपी: डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडच्या बाजूला चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. मादी पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर केसांची लव पसरते. लहान अळ्या पानाचा हिरवा पापुद्रा खरवडतात, त्यामुळे पानावर कागदासारख्या पारदर्शक खिडक्या दिसतात. मोठी अळी पोंग्यात उतरते, पानाला रांगेत भोकं पडतात आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचते.

खिडक्या दिसतात तो आठवडा महत्त्वाचा. भुसा दिसल्यावर फवारलेलं औषध पोंग्यातल्या विष्ठेच्या बुचाखाली पोचत नाही, आणि मोठ्या अळीला मारायला डोसही पुरत नाही. उगवणीनंतर दहाव्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा शेतात आडवं-तिडवं फिरून पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघा. शंभरात पाच झाडांवर खिडक्या असतील तर थांबू नका. सुरुवातीला १५०० पीपीएमचा निंबोळी अर्क लिटरला ५ मिली. प्रादुर्भाव वाढला तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम, स्पिनेटोरम ११.७ एससी ०.५ मिली किंवा क्लोरॲंट्रानिलीप्रोल १८.५ एससी ०.४ मिली यांपैकी एक. दुसऱ्या फवारणीला गट बदला, तेच औषध पुन्हा नको. फवारणी संध्याकाळी करावी, कारण अळी उजेडात खोल दडून बसते. पंपाचं नोजल सरळ पोंग्यात धरावं. पानांवरून उडवत नेलेली फवारणी वाया जाते. तुरा आल्यावर औषधाचा खर्च सहसा निघत नाही, तेव्हा अळ्या हाताने वेचणं किंवा विषारी आमिष हेच बरं. चाऱ्याच्या मक्यावर रासायनिक फवारणी टाळावी, तो थेट जनावराच्या पोटात जातो. गावातल्या सगळ्यांनी आठ-दहा दिवसांच्या अंतरात पेरणी उरकली तर अळीला एका शेतातून दुसऱ्या कोवळ्या शेतात सतत खाणं मिळत नाही. हे एकट्याने होत नाही, पण याच्याइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

दाण्यातलं पाणी हाच भाव

कणसाचं वरचं आवरण वाळून पांढरट-पिवळं झालं आणि दाणा खालून खुडल्यावर टोकाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरणं संपलं. यानंतर झाड दाण्यात काहीच टाकत नाही. पण या वेळी दाण्यात साधारण ३० टक्के पाणी असतं. बाजारात १४ टक्क्यांचा मका लागतो. सरकारी हमीभाव खरेदीचीही मर्यादा १४ च आहे. घरात साठवायचा तर १२ टक्के.

हा फरक किती पैशांचा आहे ते बघा. २४ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका म्हणजे ७६ क्विंटल कोरडा माल आणि २४ क्विंटल पाणी. तो १४ टक्क्यांवर आणला की वजन ८८ क्विंटलच्या थोडं वर भरतं. म्हणजे ओला मका क्विंटलला १६०० रुपयांनी मागितला जात असेल, तर वाळवलेल्याला किमान १८१० रुपये मिळाले तरच वजनाची घट भरून निघते. त्यात वाळवण्याची मजुरी आणि ताडपत्री धरा. वाळवलेल्याचा भाव त्याहून चढा असेल तर वाळवा, नसेल तर ओलाच द्या. हे गणित प्रत्येक ओलाव्याला लागू होतं: शंभरातून ओलावा वजा करा, उरलेल्याला ८६ ने भागा, आलेला आकडा म्हणजे एका क्विंटलचे १४ टक्क्यांवर किती क्विंटल राहतील.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर मीठ वापरा. तव्यावर भाजून कोरडं केलेलं दोन चमचे मीठ कोरड्या काचेच्या बाटलीत घाला, बाटली पाव भरेल इतका मका टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या वर आहे. अडत्याच्या काट्यावर जाण्याआधी घरी हे बघून गेलं तर ‘माल ओला आहे’ या वाक्याला उत्तर देता येतं.

मळणीची घाई इथेच महागात पडते. २० टक्क्यांच्या वर ओला दाणा यंत्रात घातला की फुटतो किंवा त्याला तडा जातो, आणि तडकलेल्या दाण्यातून बुरशी सरळ आत शिरते. कणसं आधी सोलून तीन-चार उन्हं द्यावीत, मग मळणी करावी. मळलेला मका ताडपत्रीवर दोन-तीन इंचांच्या थरात पसरून दिवसातून चार-पाच वेळा खालीवर करावा. संध्याकाळी झाकून ठेवलेला ढीग हाताला गरम लागला तर बुरशी सुरू झाली असं समजा.

अस्परजिलस या बुरशीमुळे मक्यात अफलाटॉक्सिन तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, भाजून-शिजवून जात नाही. कोंबडीच्या पिल्लांचं यकृत खराब होतं, वाढ खुंटते, लसी लागू पडत नाहीत. दुभत्या गाईच्या खाद्यातून ते दुधात उतरतं, आणि दुधात त्याची कायदेशीर मर्यादा लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. फुलोऱ्यानंतर पडलेला ताण, अळीने कोरलेली कणसं आणि परतीच्या पावसात भिजलेला ढीग ही त्याची तीन दारं. ऑक्टोबरच्या पावसाचा अंदाज असेल तर तोडलेल्या कणसांचा ढीग शेतात लावू नका. कणीस झाडावरच, आवरणासकट खाली लोंबत राहिलं तर पाणी निथळून जातं. जमिनीवरच्या ढिगात ते मुरतं. बुरशी लागलेली कणसं आधीच वेगळी काढा, ती चांगल्यात मिसळून वजन वाढवणं म्हणजे गाडीभर मालाला धोका.

तो माल पुढे कुठे जातो

कोंबडीचं खाद्य हे मक्याचं सगळ्यात जुनं आणि मोठं गिऱ्हाईक. खाद्यात निम्म्याहून अधिक वजन मक्याचं असतं, कारण त्यात ऊर्जा भरपूर आणि तंतू कमी. प्रथिनं मात्र आठ-नऊ टक्केच, आणि त्यातही लायसिन कमी. ती उणीव सोयाबीन पेंड भरून काढते. अंड्याचा बलक पिवळा होतो तोही पिवळ्या मक्यातल्या रंगद्रव्यामुळे. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, त्यात ६० ग्रॅम मका धरला तर हजार कोंबड्यांना वर्षाला २२० क्विंटल लागतो. गावाजवळ पाच हजार पक्ष्यांची शेड असेल तर अकराशे क्विंटलचं गिऱ्हाईक दारातच आहे. त्याला वाहतूक नको असते, त्याला खात्रीचा कोरडा माल हवा असतो.

स्टार्चचे कारखाने मका गरम पाण्यात गंधकाच्या वायूसोबत दीड-दोन दिवस भिजवतात, मग तो भरडून अंकुर, साल, प्रथिन आणि स्टार्च वेगळे करतात. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला असा कारखाना आहे. १०० किलो मक्यातून ६० ते ६५ किलो स्टार्च मिळतं. ते कापडाला कांजी, कागद, औषधाच्या गोळ्या आणि द्रव ग्लुकोजसाठी जातं. अंकुरातून तेल निघतं. उरलेलं प्रथिन आणि साल पुन्हा पशुखाद्यात येते. फार कडक आचेवर वाळवलेला मका इथे चालत नाही, दाण्यातलं प्रथिन घट्ट होतं आणि स्टार्च सुटत नाही. उन्हात वाळवलेला मका त्यांच्यासाठी उत्तम.

इथेनॉलने २०२३ च्या डिसेंबरनंतर बाजार हलवला. उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने मर्यादा आणली आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल धान्याकडून जास्त घेतलं जाऊ लागलं. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्यांनी लिटरला ७१ रुपये ८६ पैसे असा भाव ठरवून दिला. म्हणजे एका क्विंटलच्या ३८ लिटरचे सुमारे २७३० रुपये, शिवाय उरलेल्या चोथ्याचे पैसे. त्यातूनच कोळसा, विकरं (एन्झाइम), व्याज आणि मक्याचा भाव द्यायचा. इथेनॉलच्या कारखान्याची मका घेण्याची कमाल ताकद इथेच ठरते, त्यामुळे भाव कायम चढतच राहील असं मानून साठा करणं धोक्याचं. २०२५ च्या जानेवारीत अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २२५० रुपयांनी खुला झाला, तेव्हा मक्याला स्पर्धक आला. २०२५-२६ चा हमीभाव २४०० रुपये होता, पण त्या खरिपाच्या आवकेत अनेक बाजारांत मका त्याच्या बराच खाली विकला गेला.

इथेनॉल काढल्यावर उरलेला सुका चोथा पशुखाद्यात येतो. त्यात प्रथिनं २७-२८ टक्क्यांच्या आसपास असतात, स्वस्तही पडतो. पण मक्यातलं स्टार्च निघून गेल्यामुळे उरलेलं सगळं जवळपास तिप्पट घट्ट झालेलं असतं, अफलाटॉक्सिनसुद्धा. दुभत्या जनावरांसाठी तो घेताना तपासणीचा अहवाल मागायला संकोच करू नका.

मुरघास: झाडासकट मका विकणं किंवा साठवणं

दूध करणाऱ्यासाठी मक्याचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच. हिरवा मका बारीक कापून, हवा काढून दाबून बंद केला की त्यातल्या साखरेवर जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. सामू (पीएच) ४ च्या आसपास उतरला की सडणं थांबतं आणि चारा वर्षभर टिकतो. लोणच्यासारखंच हे, फक्त मिठाऐवजी आम्ल आतच तयार होतं.

सगळं कापणीच्या दिवसावर आहे. कणीस मधोमध मोडून दाणे बघा. दाण्याच्या माथ्याकडून कडक पिवळा भाग खाली सरकत असतो आणि त्याखाली दुधाळ भाग असतो. दोघांमधली रेषा निम्म्यावर आली की कापा. खरिपात हे साधारण ८५ ते ९० दिवसांना होतं. तेव्हा झाडात ३० ते ३५ टक्के कोरडा भाग असतो. खात्रीसाठी कुट्टीची मूठ अर्धा मिनिट घट्ट दाबा. बोटांतून पाणी गळलं तर घाई झाली. मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला तर बरोबर. लगेच विस्कटला तर उशीर झाला. फार ओला मुरघास खाली पाणी सोडतो, त्याला कुजकट वास येतो आणि जनावर तोंड लावत नाही. फार वाळलेला दाबला जात नाही, आत हवा राहते आणि तो गरम होऊन बुरशी धरतो.

कुट्टी एक ते दोन सेंटिमीटर. खड्ड्यात किंवा बंकरमध्ये अर्ध्या फुटाचा थर टाकून प्रत्येक थर ट्रॅक्टरने तुडवा. काम एक-दोन दिवसांत संपवा, आठवडाभर थोडं थोडं भरू नका. वर प्लास्टिक, त्यावर माती किंवा जुने टायर. ४५ दिवस उघडायचं नाही. पाच गाईंना रोज २० किलोप्रमाणे १८० दिवस द्यायचा तर १८ टन मुरघास लागतो. नीट दाबल्यावर एका घनमीटरमध्ये साधारण ५५० किलो बसतो, म्हणजे २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ६ फूट खोल खड्डा पुरतो. एक एकर चांगला मका तेवढं देऊ शकतो. बॅगेत भरत असाल तर उंदीर हा मोठा शत्रू आहे. नखाएवढ्या भोकातून हवा शिरते आणि भोवतालचा हातभर मुरघास काळा पडतो. गूळ, मीठ टाकण्याची पद्धत आहे, पण मक्यात साखर पुरेशी असते. वेळेवर कापलेल्या मक्याला गुळाची गरज नाही, तो खर्च चांगल्या प्लास्टिकवर करा.

खड्डा उघडल्यावर रोज पूर्ण रुंदीवरून सारखा थर काढावा. कोपरा कोरत बसलात तर उरलेला भाग हवेने तापतो. जनावराला पाच-सहा किलोंपासून सुरुवात करून आठवड्याभरात १५ ते २० किलोंवर न्या. दूध काढून झाल्यावर द्या, नाहीतर दुधाला वास लागतो. प्रथिनं फक्त सात-आठ टक्के असल्यामुळे सोबत लसूणघास किंवा सरकी पेंड हवीच.

उभा मका टनावर विकणाऱ्यांसाठी एक हिशेब. ३२ टक्के कोरड्या भागाच्या एका टनात ३२० किलो कोरडा चारा असतो आणि त्यातला साधारण ४० टक्के दाणा. १४ टक्के ओलाव्यावर तो जवळपास दीड क्विंटल होतो. म्हणून टनाचा भाव दीड क्विंटल मक्याच्या किमतीतून तोडणी, मळणी, वाळवणीचा खर्च वजा करून आणि ताटांची किंमत वाढवून ठरवावा. नुसतं ‘शेजाऱ्याने अमुक भावाने दिला’ यावर देऊ नये. झाडासकट मका गेला की पालाशचा मोठा भागही शेताबाहेर जातो, कारण तो ताटातच असतो. त्या शेतात पुढच्या पिकाला शेणखत किंवा पोटॅश जास्त द्यावं लागतं.

कणसं काढून उरलेली वाळकी ताटं जाळू नका. त्यांत प्रथिनं तीन-चार टक्केच असतात, पण १०० किलो कुट्टीवर ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखं शिंपडलं आणि २१ दिवस प्लास्टिकखाली हवाबंद ठेवलं तर चारा मऊ होतो आणि प्रथिनं वाढतात. उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरून मगच द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा देऊ नये, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागू देऊ नये. ज्वारीच्या कोवळ्या चाऱ्यासारखी किराळ (जनावराला होणारी विषबाधा) मक्यात लागत नाही, हा त्याचा एक मोठा गुण.

स्वीटकॉर्नचं एवढंच सांगायचं की तो साध्या मक्याच्या शेजारी लावू नका. शेजारच्या मक्याचा पराग केसांवर पडला तर त्याच कणसात पिठूळ दाणे भरतात. अडीचशे-तीनशे मीटर अंतर ठेवा किंवा फुलोरा तीन आठवडे मागेपुढे करा. केस आल्यानंतर १८ ते २० दिवसांनी, पहाटे तोडा आणि त्याच दिवशी बाजारात पोचवा, कारण उन्हात साखर तासातासाने कमी होते.

येवला-मालेगाव भागात गिऱ्हाईक ठरवताना आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे कांद्याची तारीख. १५ जूनला पेरलेला मका मुरघासाला दिला तर १० सप्टेंबरच्या आसपास रान मोकळं होतं आणि रांगडा कांदा (खरीप आणि उन्हाळी यांच्या मधला) वेळेत लागतो. दाण्यासाठी ठेवला तर काढणी आणि वाळवणीत ऑक्टोबर उजाडतो, मग त्या रानाला उन्हाळी कांदाच बरा. त्याची रोपं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लागतात, म्हणजे रोपवाटिका सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये, मका अजून उभा असतानाच, बाजूच्या वाफ्यात टाकायला हवी.